लॉर्नाचा आवाज

मंडळी, आज जरा आडवळणाचा विषय घेतेय. लॉर्ना कोर्देरो हे नाव आमच्या कंधारात दहा जणांना विचारलं तर दहाही जण माझ्याच तोंडाकडे बघतील. गोव्यात मात्र हे नाव काढलं की म्हाताऱ्या माणसांचे पाय बसल्या जागी ठेका धरतात. तिकडे तिला 'गोव्याची कोकिळा' म्हणतात. मला विचाराल तर कोकिळा हा शब्द तिला शोभत नाही. कोकिळा गोड गाते. लॉर्ना गोड गात नाही, ती खरं गाते. हा फरक काय तो सांगावा, म्हणून आजचा हा लेख.

माझ्या धाकट्या जावेची लेक मडगावला दिली आहे. तिच्याकडे जाणं-येणं असल्याने ही गाणी माझ्या कानावर पडली. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, बाजाराच्या दिवशी कॅसेटच्या दुकानात, शेजारच्या घरातून रविवारी सकाळी. चाळीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला एखादी गोष्ट आवडली की तिच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. तसंच झालं.

लॉर्नाचं गाणं जॅझच्या मुशीतून आलेलं आहे. आता जॅझ म्हटलं की आपल्याकडे वाटतं, हे काहीतरी अमेरिकेचं, परकं. पण विचार करा, आपल्या कानाला ते तितकं परकं आहे का? आमच्या लहानपणी घरी रेडिओ नव्हता. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला ऐकायला आम्ही शेजारच्या वाड्याच्या ओसरीवर जमायचो. तेव्हा 'अलबेला'ची गाणी जुनी झाली होती, तरी मधूनमधून कुठे ना कुठे लागायचीच. 'अलबेला' 1951 चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्या गाण्यांमधला जो पितळी वाद्यांचा झणझणीतपणा आहे, तो कुणाचा? त्यात मोठा वाटा चिक चॉकलेट नावाच्या ट्रम्पेटवाल्याचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, माणूस गोव्याचा. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. म्हणजे कंधारच्या ओसरीवर बसून आम्ही जॅझच ऐकत होतो, फक्त त्याचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!

हे गोव्याचे वादक मुंबईत कसे आले, हा इतिहासही सांगण्यासारखा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा असत. तिथे गावातल्या पोरांना मेस्त्री स्वर वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. हेतू हा की चर्चमधल्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण पाश्चात्त्य पद्धतीने कागदावरचं संगीत वाचता येणारी पोरं गावोगाव तयार झाली, आणि गावात पोटापाण्याला काही नव्हतं. मग ती निघाली मुंबईला. जशी कोकणातली माणसं गिरणीत गेली आणि गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहिली, तशीच ही पोरं धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडा'त राहिली. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची जागा. ट्रंक ठेवायला एक कोपरा, झोपायला एक पथारी, आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना.

त्याच सुमारास मुंबईत खुद्द अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊ लागले होते. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. तो 1945 साली कलकत्त्यात वारला, मातीही तिथलीच झाली. ज्यांना त्यांच्या देशात गोऱ्यांच्या शेजारी बसायची मुभा नव्हती, ते इथे येऊन राजेरजवाड्यांसमोर वाजवत होते. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून ते संगीत कानाने उचललं. कागदावरचं वाचता येत होतंच. आता कागद बाजूला ठेवून वाजवायचं कसं, ते शिकले. जॅझचा गाभा तोच आहे. चाल ठरलेली, पण प्रत्येक वेळी ती नव्याने सांगायची.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, 1949 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री थोड्या मंदावल्या. बरेच वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. आपल्या हिंदी गाण्यांमागचे ते शंभर-शंभर वाद्यांचे ताफे आठवा. त्यात गोव्याची माणसं किती होती! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली थोर नावं. पण रात्री हॉटेलात जॅझ चालूच राहिलं. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन हे दिग्गज भारतात येऊन गेले. चर्चगेट परिसर तर अशा ठिकाणांनी गजबजलेला असे.

या दुनियेत बांद्र्याची एक मुलगी गायला लागली. तीच लॉर्ना. वय अगदी कोवळं. आधी इंग्रजी गाणी म्हणायची, रेमंड अल्बुकर्क यांच्या बँडबरोबर गायची. तिथून तिला हेरलं ख्रिस पेरी यांनी. ख्रिस पेरी मडगावजवळच्या बोर्डा इथले, जन्म 1928 चा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा, गाणी रचणारा, अत्यंत शिस्तीचा आणि तितकाच तापट माणूस अशी त्यांची ख्याती. त्यांनी लॉर्नाला घडवलं. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं 'व्हेनिस', कलकत्त्यातलं 'फिर्पोज' अशा ठिकाणी ही जोडी गाजली. तो ट्रम्पेटवर एक ओळ फेकायचा आणि ती गळ्याने ती झेलायची.

पण ही जोडी केवळ हॉटेलातल्या इंग्रजी गाण्यांवर थांबली असती तर आज मी हा लेख लिहिला नसता. ख्रिस पेरींनी एक धाडस केलं. जॅझचा तो सगळा थाट त्यांनी कोकणीत आणला. एच.एम.व्ही.च्या छोट्या तबकड्या निघाल्या आणि 'बेबडो', 'पिसो', 'तुजो मोग', 'नाचूं या कुंपासार' ही गाणी घराघरात गेली.

इथे माझ्यातली मराठीची बाई जागी होते बघा. 'बेबडो' म्हणजे आपला बेवडा. 'पिसो' म्हणजे वेडा. आपण 'वेडंपिसं' म्हणतो त्यातलं हे पिसं, संतांच्या अभंगात भेटणारं. 'मोग' म्हणजे प्रेम. आणि 'कुंपास' हा पोर्तुगीजातून आलेला शब्द, अर्थ ताल. 'नाचूं या कुंपासार', म्हणजे चला, तालावर नाचू या. एका ओळीत आपलं नाचणं आणि त्यांचा ताल! हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा दूरच्या नातेवाइकाच्या घरी आपल्या आजीची पैठणी दिसावी तसं वाटलं होतं.

त्या काळात कोकणीची अवस्था काय होती, हेही लक्षात घेतलं पाहिजे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. पुढे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर 16 जानेवारी 1967 ला सार्वमत झालं. फूल ही विलीनीकरणाची निशाणी आणि दोन पानं ही वेगळं राहण्याची. 1,72,191 मतं दोन पानांना आणि 1,38,170 फुलाला. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना 1948 मध्ये निजामाच्या जोखडातून सुटून आधी हैदराबाद राज्यात, 1956 ला द्विभाषिक मुंबईत आणि 1960 ला महाराष्ट्रात येण्याची केवढी ओढ होती! त्यामुळे गोव्याचा हा निकाल आमच्याकडच्या पुष्कळ शिक्षकांना तेव्हा बोचला होता. कोकणी ही बोली की भाषा, हा वाद नंतरही चालला. 1975 मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली.

मला त्या वादात आज पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की ज्या भाषेला शिकलेली माणसं चारचौघांत बोलायला कचरत होती, त्या भाषेत मुंबईच्या झगमगत्या हॉटेलातल्या संगीताचा रुबाब आला, आणि तो लॉर्नाच्या तोंडून आला. भाषेला मान ठरावाने मिळतो तसा गळ्यानेही मिळतो.

आता तिच्या गाण्याविषयी. मला स्वरलिपी कळत नाही, पण कान आहे. आमच्याजवळ लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. लोहा पूर्वी कंधार तालुक्यातच होतं, त्यामुळे ही यात्रा आम्ही आमचीच मानतो. तिथे तमाशाचे फड येतात, लावणी महोत्सव होतो. शिक्षिकेने तमाशाला जायचं की नाही यावर आमच्या काळी बरीच कुजबुज व्हायची. मी जायची, यजमानांना बरोबर घेऊन. तिथे चांगली गाणारी बाई काय करते ते नीट पाहा. ढोलकी पुढे धावते, ही धावत नाही. शब्द क्षणभर धरून ठेवते, आता चुकली की काय असं वाटावं इतका उशीर करते, आणि बरोबर समेवर हसत हसत उतरते. श्रोत्यांचा अडकलेला श्वास तेव्हाच सुटतो.

बैठकीच्या लावणीत तर हे अधिकच. वाईच्या यमुनाबाई वाईकर 102 वर्षांचं आयुष्य जगून 2018 मध्ये गेल्या. त्यांच्या परंपरेत गाणारी बाई बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. एकदा ती ओळ लाडाची होते, एकदा रुसव्याची, एकदा टोमण्याची. शब्द तेच, अर्थ नवा.

अमेरिकेतल्या जॅझ गायिका नेमकं हेच करतात. बिली हॉलिडे ही त्यातली फार मोठी बाई, 1915 ते 1959 एवढंच आयुष्य लाभलेली. ती तालाच्या किंचित मागे राहून गायची, जणू जे सांगायचंय ते सांगावं की नाही असा विचार करत करत. आणि लॉर्ना? तिचा आवाज भरडा, जाडसर, खालच्या पट्टीत भक्कम. 'बेबडो'सारख्या उडत्या गाण्यात ती शब्दांना ठोसे मारते, मध्येच एखादा स्वर वरून घसरगुंडीसारखा खाली सोडते. ट्रम्पेट काही बोललं की ती उत्तर देते, आणि ते उत्तर पढवलेलं वाटत नाही. तेच 'तुजो मोग'मध्ये तीच बाई शब्द असा सोडते की तो संपल्यावरही हवेत राहतो. आवाजाच्या कडेला एक खरखर आहे. शिकवणाऱ्याने ती घासून काढली असती तर आवाज गोड झाला असता आणि लॉर्ना संपली असती. ख्रिस पेरींनी ती ठेवली, हे त्यांचं मोठेपण.

इथपर्यंत सगळं छान आहे. यापुढची गोष्ट मात्र मनाला लागते. सत्तरीच्या दशकात लॉर्ना गायची थांबली. ख्रिस पेरींशी साथ सुटली आणि दुसऱ्या कुणाबरोबर ती उभी राहिली नाही. यामागच्या करारमदाराच्या आणि खाजगी आयुष्याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. मला त्यात शिरायचं नाही. हयात माणसांच्या घराच्या खिडकीतून डोकावू नये. पण एवढं तर सगळ्यांसमोर घडलं, की जिचा आवाज घरोघरी वाजत होता ती स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ गप्प होती. तबकड्या झिजत होत्या, लग्नांमध्ये दुसऱ्या बायका तिची गाणी म्हणत होत्या. ख्रिस पेरी दुबईला गेले, तिथे त्यांनी संगीताची शाळा काढली. मुंबईतली हॉटेलं बदलली, तयार रेकॉर्डवर नाचायचे डिस्कोथेक आले. वादकांचे ताफे पांगले.

मग 1995 मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा गायला राजी केलं. तिची नवी कॅसेट निघाली आणि पणजीला मिरामारला कार्यक्रम झाला. हजारो माणसं जमली.

प्रश्न असा आहे. ती गाणी कुणाची? चाल ख्रिस पेरींची, शब्द बहुतेक त्यांचे, शिकवण त्यांची. ते नसते तर ही गाणी नसती, हे मान्य केलंच पाहिजे. 25 जानेवारी 2002 ला ते गेले, आणि गोव्याच्या संगीतातलं एक पर्व संपलं. पण मी आमच्याकडचं उदाहरण घेते. अभंग तुकोबांचा असतो. पण रात्री दोन वाजता सप्ताहात जो कीर्तनकार तो अभंग असा उभा करतो की झोपाळू म्हातारीही ताठ बसते, ते कीर्तन तुकोबांचं की त्याचं? दोघांचं. आपण तुकोबांना विसरत नाही आणि कीर्तनकाराचंही नाव पंचक्रोशीत घेतो. गाणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र हा न्याय का लावला जात नाही? तिला 'अमक्याची शोध', 'तमक्याची शिष्या' एवढ्यावर बसवतात. आमच्या माळेगावच्या फडांच्या फलकावरही बहुतेक वेळा नाव मालकाचं मोठं. जिच्या गळ्यासाठी माणसं बैलगाड्या जुंपून आली, तिचं नाव बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच.

एक आठवण सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. प्रार्थना तीच सांगायची. ती नसली की त्या दिवशी परिपाठ कोरडा व्हायचा. दहावीनंतर लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या बसस्टँडवर भेटली, कडेवर लहान नातू. पाया पडली. मी विचारलं, "गातेस का गं अजून?" ती हसली. म्हणाली, "कशाचं गाणं बाई! घरात आवडत नाही कुणाला." आणि गाडी लागली म्हणून पळाली. तिच्या घरी कुणी दुष्ट होतं असं नाही. साधी, कष्टाळू माणसं. गाणं बंद पडायला दुष्ट माणूस लागत नाही, 'आवडत नाही' एवढे दोन शब्द पुरतात. तिचा आवाज कुठल्या तबकडीवर नाही, कुणी रॉनी मोन्सेरात तिला शोधत येणार नाही. तो आता फक्त माझ्या आणि तेव्हाच्या चाळीस मुलांच्या कानात आहे.

म्हणून लॉर्नाचं परत येणं मला महत्त्वाचं वाटतं. ती परत आली तेव्हा वय वाढलेलं होतं, शेजारी ते जुनं ट्रम्पेट नव्हतं. तरी पहिल्या ओळीला लोकांनी ओळखलं. त्या दिवशी सिद्ध झालं की तो उशीर, ती खरखर, ती घसरगुंडी ही कुणी दिलेली वस्तू नव्हती. दिलेली असती तर देणाऱ्याबरोबर गेली असती.

2014 मध्ये बारड्रॉय बारेटो यांनी 'नाचूं या कुंपासार' नावाचा कोकणी चित्रपट काढला. पात्रांची नावं वेगळी आहेत, पण त्या जुन्या वादक-गायकांना ती मानवंदना आहे. ख्रिस पेरींची वीसेक गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यात गुंफली आहेत. उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि नायिकेचं काम करणाऱ्या पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला. नव्या पिढीला या गाण्यांची ओळख त्या चित्रपटाने करून दिली. जरूर बघा. पण त्यानंतर मूळ लॉर्नाही ऐका, ही माझी विनंती.

कसं ऐकायचं तेही सांगते, सवयीची मास्तरीण आहे मी! पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शब्दांच्या मागे लागू नका, निम्मे आपोआप कळतात. फक्त ट्रम्पेट ऐका. दुसऱ्यांदा फक्त ढोल-झांजांचा ताल धरा, बोटांनी टेबलावर. तिसऱ्यांदा तो ताल सोडायचा नाही आणि तिचा शब्द नेमका कुठे पडतो ते बघायचं. बोट पडेल आणि शब्द अजून आलेला नसेल. तो येईल, थोडा मागून, आपल्या मर्जीने. तेवढी जी मधली जागा आहे ना, ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते. ती तिची स्वतःची आहे.

आपल्याकडे घरात, गावात अशी कुणी गाणारी असेल तर तिचं नाव अभिप्रायात जरूर कळवा, अर्थात तिला विचारून. आणि एवढ्यावर थांबू नका. तिला गायला सांगा.